हंडा सापडला तर सांगायचं कुणाला?

मार्च २०२२ मधली पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीची बातमी बऱ्याच जणांना आठवत असेल. बांधकामाच्या जागेवर खोदताना नाणी सापडली, ज्यांना सापडली त्यांनी ती गुपचूप घरी नेली, मग पोलिसांना कुणकुण लागली आणि सोन्याची २१६ नाणी जप्त झाली, मुघलकाळातली, वजन २३५७ ग्रॅम, सोबत एका भांड्याचा तुकडा. त्या दिवशी पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो फिरत होता आणि प्रश्न सगळ्यांचे ठरलेले, किती कोटींचं झालं, आणि एकेक करून सराफाकडे न्यायचं सोडून हे लोक घरात काय ठेवून बसले. ते भांडं अख्खं होतं का, किती खोल होतं, शेजारी एखादी जुनी भिंत बिंत लागली का, हे कुणी विचारलं नाही. भागाकार केला तर एकेक नाणं १०.९ ग्रॅमचं पडतं, म्हणजे मोहोरेच्या नेहमीच्या वजनाचं, एवढं आपण घरी बसून सांगू शकतो. बाकी जे कळलं असतं ते उपसलेल्या मातीबरोबर गेलं.

मला त्या मजुरांचा राग येत नाही. पोलिसांचाही नाही, त्यांनी कायद्याप्रमाणेच केलं. माझं भांडण त्या कायद्याशी आहे, आणि थोडं आपल्या नाणेसंग्राहक मंडळींशीही आहे, पण ते पुढे.

कायदा १८७८ चा. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. जमिनीत दडवलेलं काहीही सापडलं आणि त्याची किंमत १० रुपयांच्या वर असली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठे, कधी, आणि माल सरकारी खजिन्यात जमा करायचा किंवा जामीन द्यायचा. मग नोटीस निघणार, दावेदार असले तर पुढे येणार, चौकशी होणार. कुणीच मालक निघाला नाही आणि जमीनवाल्याशी आधीचा काही करार नसला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेलं जमिनीच्या मालकाला. इथपर्यंत ऐकलं की माणूस म्हणतो अरे हे तर चांगलंय की! थांबा. पुढे कलम १६ येतं. सरकारला हवं असेल तर त्यातलं काहीही किंवा सगळंच्या सगळं घेता येतं आणि मोबदला किती, तर धातूची जी किंमत होईल ती अधिक तिचा एक पंचमांश. नाण्याची किंमत नाही, धातूची. म्हणजे समजा जुन्नरच्या एखाद्या शेतकऱ्याला नांगरताना सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांचं गाडगं लागलं, तर शिशाचा भाव अधिक २० टक्के. तेवढ्यासाठी त्याने तहसीलला हेलपाटे घालायचे, जबाब द्यायचे, शेतात पंचनामा होऊ द्यायचा आणि गावभर बोभाटा झाला की रात्री कोण कुदळ घेऊन येतंय याची राखण करायची. आणि नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, वर त्याचा हिस्साही सरकारजमा.

आता तुम्हीच सांगा, तो काय करेल? बारीकसारीक असेल तर भंगारवाल्याला देईल. चांदीसोनं असेल तर ओळखीच्या सराफाकडे जाऊन आटवून घेईल. आटवलेल्या सोन्याला कुणी विचारत नाही ते बाराव्या शतकातलं की परवाच्या लग्नातलं. थोडक्यात, नाणं जपलं तर धोका आणि वितळवलं तर सुटका, असा कायदा आपण दीडशे वर्षं सांभाळून ठेवलाय.

त्यात गुप्तधन म्हटलं की आपल्याकडे अजून नागोबा राखण करतो, बळी द्यावा लागतो वगैरे भानगडी आहेतच. गुप्तधनाच्या नादापायी किती अघोरी प्रकार झालेत ते पेपरात आपण वाचतोच, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगीच झाला नाही. सापडलेल्या नाण्याविषयी मोकळेपणी बोलायची सोयच नसेल तर त्याभोवती भोंदूबाबाच जमणार ना, इतिहासाचे प्राध्यापक कशाला जमतील.

आता कुणी म्हणेल एवढं काय बिघडतं, नाणी तर शेवटी बाजारात येतातच, संग्राहकांकडे जातात, सुरक्षित राहतात. अर्धवट खरं आहे. एक नाणं सुरक्षित राहतं, पण ढीग मोडतो, आणि ढिगातूनच खरी गोष्ट कळते.

जोगलटेंभीचं उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातलं गाव, १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, साधारण १३,२५० नाणी. सगळी नहपान या शक क्षत्रपाची, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाची. त्याचा चेहरा, नाक डोळे मिशी अगदी नीट, भोवती ग्रीक अक्षरं, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. पण त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता. नहपानाच्या गालावर, डोळ्यावर, जिथे बसेल तिथे सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर, आणि मागच्या बाजूला ते चार गोळ्यांचं उज्जैन चिन्ह. ठसा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नवा ठसा मारला तरी जुना चेहरा पुरता गेलेला नाही, डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक डोकावतंय असली नाणी आहेत त्यात. नाशिकच्या पांडवलेण्यांत ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिच्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला असं त्यात म्हटलंय. आई मुलाचं कौतुक करणारच, राजाची आई असली तर जरा जास्तच. पण इथे हजारोंनी नाणी हाती आली, शत्रूचं चलन गोळा करून त्यावर आपला शिक्का मारून परत फिरवलेलं, आणि मग त्या लेखाला जोड मिळाली. नहपान आणि गौतमीपुत्र समकालीन होते का, मधे किती काळ गेला, या वादात आजही या साठ्याशिवाय पान हलत नाही.

समजा हीच १३ हजार नाणी सापडणाऱ्याने दहा दहा करून विकली असती. कुणा संग्राहकाकडे एक ठसेवालं, कुणाकडे एक साधं. प्रत्येकाच्या अल्बममधे एक सुंदर नाणं, आणि किती नाण्यांवर ठसा मारला होता, सगळी एकत्र होती की नाही, कुठल्या गावात होती, काहीच माहीत नाही. ठसेवालं नाणं म्हणजे टांकसाळीतली चूक, असंही एखाद्याने ठामपणे लिहून टाकलं असतं.

उलटं उदाहरण बयानाचं. १९४६ मधे भरतपूर संस्थानात बयानाजवळच्या एका गावात गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांचा हंडा निघाला. गावकऱ्यांनी साहजिकच वाटून घेतला, काही नाणी आटवली गेली, आणि दरबारच्या हाती शेवटी १८२१ लागली. त्यांची सूची केली अनंत सदाशिव अळतेकरांनी, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडच्याच माणसाने. त्या १८२१ मधे चंद्रगुप्त दुसऱ्याचं चक्रविक्रम प्रकारचं नाणं निघालं, एकच एक. मुशीत गेलेल्या नाण्यांत अजून काय काय होतं हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

हे झालं सोन्यानाण्याचं. आपल्या रोजच्या बघण्यातली गोष्ट शिवराईची. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा, जुनी कुलपं, घड्याळं, ड्रिल मशीन यांच्या मधे एखाद्या फडक्यावर तांब्याच्या पैशांचा ढीग असतोच. ब्रिटिश पाव आणे, निजामाचे, कुठल्या कुठल्या संस्थानांचे, आणि शिवराया. एका बाजूला तीन ओळीत श्री / राजा / शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र / पति. पण पूर्ण मजकूर क्वचितच मिळतो, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कुठे "राजा" आहे तर "श्री" बाहेर गेलाय, कुठे नुसती "पति"ची वेलांटी उरलीय. वजनंही सारखी नाहीत. महाराजांच्या नंतरही कितीतरी वर्षं ही नाणी पडत आणि चालत राहिली, पुढे पेशवाईत दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांची, शिवराई आली, त्यामुळे अक्षराचं वळण, ठिपके, रेघा, वजन हे सगळं बघून कुठली कधीची ते ठरवावं लागतं. आणि इथेच घोडं पेंड खातं. कारण विचारलं की ही कुठून आली तर उत्तर एकच, "गावाकडून आलीत साहेब". कुठलं गाव? "गावाकडून." बरं नाणं चकचकीत, चिंच मीठ लावून घासलेलं, तांब्यावर शतकं बसलेला हिरवा काळा थर साफ, आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही बोथट. गिऱ्हाईकाला चमक आवडते म्हणे.

शिवराई कुठे पडायची, कुठकुठच्या टांकसाळींत, एकाच वेळी किती ठिकाणी, हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. तो सुटायचा एक मार्ग सरळ आहे, कुठल्या तालुक्यात कुठल्या वळणाची नाणी सापडतात याचा नकाशा करायचा. नाणी तर हजारोंनी आहेत. नकाशा नाही, कारण प्रत्येक नाणं "गावाकडून" आलंय. महाराजांच्या नावाने आपण एवढं भांडतो, पण महाराजांचं नाव ज्या तांब्यावर कोरलंय ते कुठल्या शेतातून आलं हे लिहून ठेवायला आपल्याकडे साधी वही नाही.

आता संग्राहकांकडे वळतो. यात मीही आलो, कारण मलाही हा नाद आहे, अंकुशी रुपया हातात घेतला की अजून गंमत वाटते, टांकसाळ पुण्याची, अंकुश आपला आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं. सरकार आपल्याला चोर समजतं अशी आपली कायमची तक्रार असते आणि ती पुष्कळशी खरीही आहे. संग्राहक नसते तर निम्मी नाणी भट्टीत गेली असती, आणि भारतीय नाणेशास्त्रात हौशी लोकांनी केलेलं काम मोठं आहे, त्यात डॉक्टर वकील बँकवाले सगळे आले. पण आपणच विकत घेताना काय विचारतो? ग्रेड काय, दुर्मिळ किती, ऑक्शनला मागच्या वेळी कितीला गेलं. सापडलं कुठे हे विचारायचं आपण टाळतो, कारण उत्तर मिळालं तर पंचाईत. डीलरला माहीत असतं, पण तो सांगत नाही कारण त्याचा सोर्स आहे, आणि ज्याने शेतातून आणलं तो सांगत नाही कारण कलम आहे. सगळी साखळीच मुकी. वर या मुकेपणाचा फायदा कुणाला, तर नकली माल करणाऱ्यांना. खऱ्या नाण्याचाच जन्मदाखला नसेल तर खोट्याला कोण मागणार? महाराजांचा तो सोन्याचा होन, जो अस्सल अगदी मोजका आहे, त्याच्या नकला कितीही मिळतील. रामदरबार छापलेले "ईस्ट इंडिया कंपनी १८१८" वाले तांब्याचे पैसे तर कंपनीने कधी पाडलेच नाहीत, तरी त्यांच्यात अद्भुत शक्ती आहे, ते तांदूळ ओढतात म्हणून लाखांना गळ्यात मारणारे महाभाग आहेत. आणि जुन्या नोटा-नाणी विकत घेतो म्हणून फोनवरून फसवणूक एवढी वाढली की ऑगस्ट २०२१ मधे रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की बाबांनो आमचा याच्याशी संबंध नाही, आमच्या नावाने कमिशन देऊ नका.

मग करायचं काय? इंग्लंडने काय केलं ते बघण्यासारखं आहे. आपला १८७८ चा कायदा त्यांनीच करून दिला, पण स्वतःकडे त्यांनी १९९६ मधे नवा केला. सोन्याचांदीची ३०० वर्षांपेक्षा जुनी दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर कळवणं सक्तीचं, पण म्युझियमला ती हवी असतील तर बाजारभावाने पैसे, किंमत स्वतंत्र समिती ठरवणार, आणि रक्कम साधारणपणे सापडणारा आणि जमीनवाला यांच्यात वाटली जाते. खोटेपणा केला तर रक्कम कापली जाते. आणि याहून महत्त्वाचं म्हणजे जे या कायद्यात बसत नाही, सुटं नाणं, बकल, बटण, तेही स्वखुशीने दाखवा, आम्ही फोटो काढून वजन करून जागा नोंदवून परत देतो, अशी एक योजना ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली चालते. आज तिच्यात १५ लाखांवर वस्तूंची नोंद आहे. नवा कायदा व्हायच्या आधीचाच एक किस्सा आहे, १९९२ चा. सफोकमधल्या हॉक्सनी गावात एक जण मित्राचा शेतात हरवलेला हातोडा शोधत होता, धातू शोधायचं यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, फिरवता फिरवता रोमन सोन्याचांदीचा साठा लागला. त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी मग तो ढीग अख्खा थराथराने काढला, १५ हजारांच्या आसपास नाणी, आणि त्याला मिळाले साडेसतरा लाख पौंड, जे त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तोही म्युझियमने ठेवून घेतला. तो माणूस काही संत नव्हता, फक्त खरं बोलून नुकसान होणार नाही एवढा भरवसा त्याला होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला फेटाळता येत नाही. आपल्याकडे बाजारभाव द्यायला लागलो तर सगळे मेटल डिटेक्टर घेऊन गडांवर चढतील. इंग्लंडातही रात्री चोरून खणणारे आहेत, नाही असं नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. विहीर, पाया, नांगर, रस्त्याचं काम, यात अचानक सापडणं वेगळं आणि संरक्षित जागेवर शोधायला जाणं वेगळं. दुसऱ्याला दमडी मिळता कामा नये, उलट शिक्षा आत्ता आहे त्याहून कडक करा, गडावर डिटेक्टर दिसला की जप्त. पण पहिल्यालाही आपण दुसऱ्याच्याच रांगेत उभं करतो, म्हणून पहिलाही दुसऱ्याच्याच गिऱ्हाईकाला माल विकतो. आणि आज गडांवर कुणी डिटेक्टर फिरवत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिथल्या गावकऱ्यांशी बोलून बघावं.

मेडल्सची तर वेगळीच शोकांतिका आहे, ती जमिनीतून निघत नाहीत, घरातल्या ट्रंकेतून निघतात, तरी तीच गत. पहिल्या महायुद्धात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी भागातली हजारो माणसं लढायला गेली. पुण्याचं नाव लावलेलं ६ वं डिव्हिजन मेसोपोटेमियात कुतला वेढ्यात अडकलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलं, त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. युद्धानंतर जी चांदीची ब्रिटिश वॉर मेडल मिळाली तिच्या कडेवर बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगाने वाचावं लागतं. साध्या शिपायाचा फोटो नाही, पत्र नाही, लिहिता येत नसलं तर सहीही नाही, त्याच्या नावाचा एवढाच धातूचा पुरावा. आणि सराफाकडे ते मेडल जातं तेव्हा त्याचं वजन होतं, कड कोण वाचतो. जोडीचं व्हिक्टरी मेडल ब्राँझचं, त्याला भाव नाही म्हणून ते मागे राहतं, जुन्या बाजारात एकटंच दिसतं. ही मेडल्स आता शंभरी ओलांडून गेलीत, त्यामुळे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसू शकतात, म्हणजे परदेशी पाठवायला बंदी आणि व्यापाराला परवाना. ठीक आहे. पण विकायच्या आधी त्या कडेचा एक फोटो कुठेतरी जमा व्हावा यासाठी त्या कायद्यात काही नाही. म्हणजे मेडल देशाबाहेर गेलेलं चालत नाही, सराफाच्या मुशीत वितळलेलं चालतं.

मला जे हवंय ते फार नाही. कलम १६ मधला तो धातूचा भाव काढून टाका आणि बाजारभाव आणा, किंमत ठरवायला पुराणवस्तू खात्याबाहेरचे जाणकारही बसवा. १० रुपयांची मर्यादा बदला, आज १० रुपयात कटिंग चहाही मुश्किलीने येतो. सरकारला जे नको ते नोंद करून परत द्या. पैसे कुठून आणायचे असा प्रश्न येईल, पण सापडणारा बहुतेक माल तांबं, शिसं आणि पोटीन (तांबं, शिसं, कथील यांची मिश्र धातू), तो विकत घ्यायचीच गरज नाही, विकत घ्यायचं ते जोगलटेंभीसारखं काही निघालं तरच. नोंदीसाठी पुण्यासारख्या शहरात माणसांची वानवा नाही, डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचे विद्यार्थी आहेत ज्यांना शनिवारवाड्याच्या पलीकडे प्रॅक्टिकल करायला मिळत नाही. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस, एक ग्रॅमचा काटा, एक मोजपट्टी, एक फोन, दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो, गावाचं नाव. फक्त नाणं त्याच दिवशी माणसाच्या हातात परत द्यायचं, हे मात्र नियमात लिहून पाहिजे, तोंडी नको. कारण पहिल्या शेतकऱ्याचं गाडगं साहेबांच्या सहीसाठी कपाटात सहा महिने पडून राहिलं, तर पुढच्या महिन्यात दुसरा कुणी त्या दारात यायचा नाही.